साखळीबाईंची गाडी

गॅसवर दूध उतू जायच्या बेतात होतं, आमच्या ह्यांना एक मोजा सापडत नव्हता आणि सासूबाई खिडकीजवळच्या खुर्चीतून त्या शोधमोहिमेवर शेरे मारत होत्या. "मोज्याला स्वतःचे पाय नसतात रे," त्या म्हणाल्या, "तुझेच असतात. तू कुठे गेला होतास ते आठव, तिथेच असेल तो."

मी गॅस बारीक केला, तेवढ्यात दार वाजलं. बेल नव्हे, दार. बोटाच्या पेराने हलकेच केलेली टकटक. आमच्या इमारतीत बेल सोडून दार वाजवणारी एकच बाई आहे. तिचं काम ज्या घरांत असतं, तिथे कुणाचा तरी नुकताच कुठे डोळा लागलेला असतो, त्यामुळे बेलच्या बटणाकडे तिचा हात जातच नाही.

दारात सिस्टर उभ्या होत्या. डोक्यावर हेल्मेट, खांद्याला ड्रेसिंगची बॅग, मुठीत किल्ली.

"वहिनी, आज खिडकीतून मागच्या अंगणात पाहिलंत का तुम्ही?" त्यांनी विचारलं. "गाडी नाहीये."

आवाज नेहमीचाच होता, पण हेल्मेट त्यांनी एरवी गाडीपाशी गेल्याशिवाय कधी चढवलं नव्हतं. आज ते घालूनच त्या आल्या होत्या आणि काढायचं विसरल्या होत्या.

आतून सासूबाईंनी ऐकलं. "गाडी नाही? हिची? अगं, मग या जगात कुणाचीच राहायची नाही."

सासूबाई म्हणाल्या त्यात अतिशयोक्ती नव्हती. गच्चीवरच्या एका खोलीत राहणारी ही बाई सगळ्या इमारतीत ओळखली जाते ती तिच्या मोटारसायकलीच्या बंदोबस्तामुळे. इमारतीतल्या पोरांनी त्यांचं नाव ठेवलंय साखळीबाई. त्यांना ते ठाऊक आहे. एकदा एका चिमुरडीने तोंडावरच "साखळीबाई, साखळीबाई" म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "बाई राहू दे, नुसती साखळी म्हण. वजन तिचंच जास्त आहे."

आणि खरंच ती साखळी एका हाताने उचलत नाही. मनगटाएवढी जाड, कापडी खोळ घातलेली. अंगाने सिस्टर म्हणजे फुंकर मारली तर उडतील अशा. त्या ती खांद्यावर टाकून जिना उतरायच्या तेव्हा वाटायचं, आता ही साखळीच यांना घेऊन खाली जाणार. पण एकदाही त्यांनी कंटाळा केलेला मी पाहिलेला नाही. संध्याकाळी गाडी अंगणात आली की पुढचं चाक भिंतीकडे. हँडल वळवून त्याचं कुलूप. पुढच्या चाकाच्या डिस्कला वेगळं कुलूप. मग साखळी मागच्या चाकातून काढून कोपऱ्यातल्या लोखंडी खांबाभोवती, ती अशी घट्ट की जमिनीला टेकता कामा नये. जमिनीवर लोळणारी साखळी चोराला फार आवडते, एक घण घातला की काम झालं, असं त्यांचं म्हणणं. कुलपाचं भोक खालच्या बाजूला. वर चादर ओढायची. आणि शेवटी गाडीच्या कुशीतून एक लहानसा फ्यूज काढून तो जेवणाच्या डब्यात टाकायचा. रुग्णाच्या दारात गाडी लावतानाही तेच, त्यामुळे कितीतरी वेळा दुपारी डबा उघडल्यावर रुग्णाच्या घरच्यांनी विचारलंय म्हणे, "सिस्टर, हे काय, लोणचं?"

मध्यंतरी त्यांनी आवाज करणारं एक यंत्रही बसवलं होतं. मांजर जरी सीटवर चढलं तरी ते कोकलायचं. चौथ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "ती गाडी आहे की दात येणारं बाळ?" सिस्टरांनी त्याच दिवशी यंत्र काढून टाकलं. म्हणाल्या, "आजी, ओरडायला लागली की शेजारी खिडकी उघडतात, असं वाटलं होतं. शेजारी खिडकी बंद करतात."

एवढं सगळं एका जुन्या मोटारसायकलीसाठी कशाला, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटायचं. पण सिस्टरांचं काम असं की, दवाखान्यातून घरी पाठवलेल्या माणसांच्या जखमा त्या घरोघर जाऊन बांधतात. कुणाच्या पाठीला पडून पडून झालेली, कुणाच्या पायाला साखरेची, कुणाची टाके उसवलेली. ही माणसं शहरभर विखुरलेली. त्यातलं शेवटचं घर तर दगडखाणीपाशी. तिथला एक तरुण कामगार. शिळेखाली पाय चेंगरलेला. पाय ठेवायचा की काढायचा हे डॉक्टरांनी अजून नक्की केलं नव्हतं. रोज जखम धुऊन बांधली तर वाचेल, एक दिवस चुकला तर सांगता येत नाही, असं ते बोलले होते. त्या खाणीचा रस्ता म्हणजे नुसती सुटी खडी. स्कूटरची लहान चाकं तिथे रुतून बसतात. म्हणून मोटारसायकल.

पहिली मोटारसायकल त्यांनी अशीच एका रुग्णाच्या दारात उभी केली होती. पाच मिनिटांचं काम, म्हणून किल्लीसुद्धा गाडीलाच. परत आल्या तर खाली तेलाचा एक थेंब तेवढा. पुढचे कितीतरी दिवस त्या पायी आणि मिळेल त्या वाहनाने फिरल्या. सगळ्या घरी पोचल्या, पण एका आजोबांकडे उशिरा. "उशिरा म्हणजे किती?" मी एकदा विचारलं होतं. त्या साखळीची खोळ शिवत होत्या. दोरा दाताने तोडून म्हणाल्या, "त्यांना सोसला नाही एवढा." त्यानंतर मी साखळीवरून कधी थट्टा केली नाही.

आम्ही दोघी मागच्या अंगणात गेलो. गाडी नव्हती. चादर तेवढी कुणीतरी बाजूला फेकलेली. आणि ज्याला ती बांधलेली असे, तो कपडे वाळत घालायच्या दोरीचा लोखंडी खांब जमिनीवर आडवा पडलेला. त्याच्या बुडाला सिमेंटने भरलेला पत्र्याचा डबा. आम्हाला वाटत होतं खांब जमिनीत गाडलेला आहे. तो होता डब्यात उभा, आणि डबा मातीत जेमतेम बुडालेला.

सिस्टर खांबापाशी उकिडव्या बसल्या. बोटाने डब्याच्या कडेची माती चाचपली. "साखळी तुटली नाही," त्या म्हणाल्या. "कुलूपही नाही. खांबच उपटून साखळी वरून सरकवून काढलीय. मग साखळीसकट गाडी उचलून टेम्पोत घातली असणार. चाकं फिरत नाहीत ना."

मी काही बोलणार तोच त्यांनी घड्याळ पाहिलं. "घड्याळजींची मुलगी कामावर निघते. ती निघायच्या आत पोचायला हवं. मी निघते, वहिनी."

"अहो, निघते काय? चालत?"

"पहिलं घर चालत जमेल."

"थांबा," मी म्हटलं. स्वयंपाकघरात येऊन गॅस बंद केला, स्कूटरची किल्ली घेतली. "आज भाजी तुम्ही करा," मी ह्यांना सांगितलं.

"मला मोजा सापडत नाहीये."

"भाजीला मोजा लागत नाही," सासूबाई म्हणाल्या.

घड्याळजी म्हणजे म्हातारे घड्याळदुरुस्ती करणारे गृहस्थ. एका पायाला साखरेची जखम. खोलीभर भिंतीवर घड्याळं, एकाचीही वेळ दुसऱ्याशी जुळत नव्हती. आम्ही आत गेलो तसे म्हातारबुवा म्हणाले, "आज तुमच्या गाडीचा आवाज आला नाही. मी त्या आवाजावर घड्याळ लावतो."

"आज या वहिनींच्या गाडीवरून आले. तिचा आवाज नाजूक आहे," सिस्टर म्हणाल्या. बस, एवढंच. चोरीचं अवाक्षर नाही.

मी दाराशी उभी राहून पाहत होते. सिस्टरांनी कोपरापर्यंत हात धुतले, जुनी पट्टी पाण्याने भिजवत भिजवत अशी सोडवली की म्हातारबुवांचं बोलणं एकदाही अडलं नाही. जखम धुतली, वास घेतला, मान हलवली. मग नवी पट्टी. गुंडाळत गुंडाळत घोट्यापर्यंत, आणि शेवटी कडेला एक गाठ. ती गाठ माझ्या डोळ्यांत राहिली. आपण बांधतो तशी फुगीर नाही. चपटी, दोन्ही टोकं एकाच बाजूला दुमडून आत खोचलेली, जणू इस्त्री केलेली. "फुगीर गाठ झोपेत टोचते," त्या माझ्याकडे न पाहता म्हणाल्या.

दोन घरं झाल्यावर आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या हवालदारांनी वही पुढे ओढली. "साखळी तोडली?"

"नाही."

"कुलूप फोडलं?"

"नाही."

"मग नेली कशी?"

"खांब उपटला."

हवालदारांनी पेन टेकवलं. "बाई, मग खांबाचीही तक्रार लिहून घेऊ का?"

"खांब पडलाय तिथेच आहे. गाडीचं लिहा." सिस्टरांनी फोनमधून इंजिनाचा नंबर दाखवला, गाडीचे चारी बाजूंनी काढलेले फोटो दाखवले. मागच्या मडगार्डच्या आतल्या बाजूला नेलपॉलिशने काढलेला एक ठिपका, त्याचाही फोटो होता. हवालदारांचा सूर जरा बदलला. "पूर्ण तयारीनिशी आलात," ते म्हणाले. "पण शहर मोठं आहे. दोन दिवसांनी चौकशी करा."

बाहेर आल्यावर सिस्टर पायरीवर थांबल्या. दिवसभरात त्या पहिल्यांदाच थांबल्या असतील. "दोन दिवस," त्या म्हणाल्या. "खाणीवरच्याला आज संध्याकाळच्या आत बांधायचंय. तिथे तुमची स्कूटर यायची नाही. मी फाट्यापासून पायी जाईन आज. उद्याही जाईन. पण रोज पायी गेले तर बाकीच्या घरांतलं कुणीतरी रोज उशिरा बांधलं जाणार. कोण, ते ठरवायला मला सांगू नका."

"कोण सांगतंय तुम्हाला?"

"कुणी नाही," त्या म्हणाल्या. मग हेल्मेट काखेत मारून, "वहिनी, चोरलेली गाडी कुणी लगेच विकत नाही. आधी तिला निजवतात."

"निजवतात म्हणजे?"

"कुठेतरी गर्दीत उभी करून ठेवतात, एक-दोन दिवस. मालक शोधत आला, गाडीत माग काढायचं काही यंत्र असलं, तर तिथेच कळतं. कुणी आलं नाही की मग शांतपणे उचलायची. माझी पहिली गाडी अशीच एका गर्दीत निजली होती, हे मला ती गेल्यावर वर्षाने कळलं. माझ्याकडे एक निवृत्त फौजदार होते पाठीच्या जखमेचे. त्यांनी सांगितलं."

"पण कुलपं लावलेली, साखळी लोंबणारी गाडी? लोकांना संशय येणार नाही?"

"उलट. इतकी कुलपं असलेली गाडी चोरीची आहे असं कुणाला वाटेल?" त्या विचारात पडल्या. "टेम्पो आला-गेला तर कुणी विचारत नाही अशी जागा. रात्रभर गाड्या उभ्या राहतात अशी. आणि गाडीवाल्यांचं स्वतःच्या गाडीकडेही लक्ष नसतं अशी."

आम्ही दोघींनी एकदमच एकमेकींकडे पाहिलं. मोठ्या दवाखान्याचं गाडीतळ. औषधांचे टेम्पो दिवसरात्र येतात, नातेवाईक गाडी लावतात ते कधी परततील त्यांचं त्यांनाच ठाऊक नसतं.

तिसरं घर एका आजींचं, ते आधी केलं. मी म्हणाले होते, आधी तळावर जाऊ. सिस्टर म्हणाल्या, "गाडी निजलीय. बाई जागी आहे." त्या आजींची जखम त्यांनी नेहमीसारखीच बांधली, घाई न करता. घाई मला होती. माझाच पाय दाराशी हलत होता.

तळावर पत्र्याच्या छपराखाली गाड्यांच्या रांगाच रांगा. काळ्या मोटारसायकली इतक्या की डोळे फिरावेत. नंबरपाटी पाहण्यात अर्थ नव्हता, ती तर पहिल्यांदा काढतात. सिस्टर वाकून एकेका मडगार्डच्या आत बघत निघाल्या, मी दुसऱ्या रांगेतून. एका गृहस्थाने मला हटकलंसुद्धा, "काय हो बाई, काय पाहताय गाडीखाली?" मी म्हटलं, "मोजा हरवलाय." तो बाजूला झाला.

रांगेच्या शेवटी, भिंतीकडे तोंड करून उभ्या असलेल्या एका गाडीपाशी मी थबकले. तिला नंबरपाटी नव्हती. आरसे काढलेले. सीटवर कुणीतरी फाटकं पोतं टाकलेलं. पण हँडलपासून पुढच्या चाकाच्या कुलपापर्यंत एक पांढरी पट्टी ताणून बांधली होती.

ती पट्टी मला माहीत होती. डिस्कचं कुलूप काढायला विसरून गाडी सुरू केली की माणूस तोंडावर आपटतो. सिस्टर एकदा शाळेसमोर अशा आपटल्या होत्या, आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या होत्या. तेव्हापासून आठवण म्हणून त्या कुलपाला पट्टीचं एक टोक आणि हँडलला दुसरं बांधतात. दुसरं काही नाही, जखमेला बांधतात तेच कापड. चोरांनी पाटी काढली, आरसे काढले. कापडाच्या चिंधीला कोण हात लावतो?

हँडलवरची गाठ चपटी होती. दोन्ही टोकं एकाच बाजूला दुमडून आत खोचलेली.

"सिस्टर," मी हाक मारली. माझा आवाज दवाखान्यात शोभेल त्यापेक्षा मोठा निघाला.

त्या आल्या. पट्टी पाहिली. मग गुडघे टेकून मडगार्डच्या आत हात घातला, नखाने ठिपका खरवडून पाहिला. मागच्या चाकात साखळी तशीच अडकलेली होती, कुलपासकट. त्यांनी साखळीला हात लावला नाही. फोन काढला आणि हवालदारांना सांगितलं, "गाडी सापडली. या, मी हलवत नाही."

हवालदार आले. इंजिनावरचा नंबर आणि फोनमधला नंबर ताडून पाहिला, एकदा गाडीकडे, एकदा सिस्टरांकडे पाहिलं. "एक दिवस इथेच ठेवू या का? घ्यायला येतील तेव्हा धरू त्यांना."

"साहेब, त्यांना धरायचं काम तुमचं," सिस्टर म्हणाल्या. "माझं एक घर राहिलंय."

हवालदारांनी डोकं खाजवलं, मग हसले. बदल्यात एक जुनी जप्तीची गाडी ते त्या जागी आणून उभी करणार होते. तिच्यावरही तेच पोतं टाकणार होते. कागद घेऊन उद्या ठाण्यात यायला सांगून त्यांनी सही घेतली. सिस्टरांनी जवळच्या किल्लीने साखळी सोडली, डिस्कचं कुलूप काढलं, पट्टी घडी करून खिशात ठेवली. बॅगेतला जेवणाचा डबा उघडला. फ्यूज जागेवर बसवला. गाडी पहिल्याच झटक्याला सुरू झाली. मी आवाज ऐकला आणि मला त्या घड्याळजींची आठवण झाली.

"वहिनी, तुम्ही घरी जा. भाजी झाली नसेल," त्या म्हणाल्या आणि खाणीच्या रस्त्याला लागल्या.

भाजी झाली होती, पण तिच्याबद्दल न बोललेलं बरं. सिस्टर परत आल्या तेव्हा अंधारायला लागलं होतं. यायला उशीर झाला होता पण चेहरा मोकळा होता. "जखमेच्या तळाशी लाल मांस धरायला लागलंय," त्यांनी सांगितलं. "लाल म्हणजे चांगलं." मी त्यांना ओढूनच स्वयंपाकघरात बसवलं, चहा टाकला. सासूबाईंनी सगळी हकीकत पुन्हा पहिल्यापासून ऐकून घेतली, आणि प्रत्येक ठिकाणी, आपण असतो तर काय केलं असतं, तेही सांगितलं.

आमचे हे दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होते. इमारतीच्या भिंती, नळ, रंग, सगळं सोसायटीच्या वतीने तेच पाहतात. खांबाची गोष्ट आली तसे ते जरा चुळबुळले. "तो खांब ना," ते म्हणाले, "रंगारी आले होते तेव्हा मीच उचलून बाजूला ठेवला होता. मग परत डब्यासकट उभा केला. मला वाटलं, कपडेच तर वाळवायचेत."

सासूबाईंनी मान वळवून ह्यांच्याकडे पाहिलं.

"वा," सासूबाई म्हणाल्या. "स्वतःचा मोजा सापडत नाही, आणि चोराला खांब सैल करून ठेवतो."

सिस्टर हसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना असं मोठ्याने हसताना ऐकलं नव्हतं. "दादांचं काय चुकलं," त्या म्हणाल्या. "ते कपड्यांचा खांब समजून चालले. मी रोज साखळी ओढून पाहायचे, कुलूप ओढून पाहायचे. खांब कधी ओढून पाहिला नाही. रोज ज्याला बांधतो ते पक्कं आहे, हे धरूनच चालले."

चहा संपला. त्यांनी कप उचलला, सिंकमध्ये विसळून पालथा घातला. मग ओढणीला हात पुसत खिडकीपाशी गेल्या. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी मागच्या अंगणात उघडते. खाली त्यांची गाडी उभी होती, भिंतीकडे तोंड करून, पट्टी बांधलेली. साखळी तेवढी सीटवर गुंडाळून ठेवलेली. तिला बांधायला काही नव्हतं.

ही बाई इतकी वर्षं आमच्यात राहिली. भाड्याच्या भिंतीला तिने खिळा मारला नाही, कुणाकडे वाटीभर साखर मागितली नाही, आज सकाळी दारात उभी राहून स्कूटरसुद्धा मागितली नव्हती. त्या वळल्या आणि ह्यांच्याकडे पाहून म्हणाल्या,

"दादा, या खिडकीखालच्या भिंतीत एक लोखंडी कडी बसवू द्या मला. गवंडी मी आणते, भोक मी बुजवून घेते. फक्त ती आतपर्यंत जाऊ द्या, दगडात."